विश्लेषण : मैत्रिणींचा ग्रुप, भूमध्य समुद्र आणि क्रूझ... ७० हजारांची सहल दोन लाखांवर कशी जाते?

‘सात रात्री, चार देश, सहा बंदरे, जेवणखाण समाविष्ट.’ भूमध्य समुद्रातल्या क्रूझची ही जाहिरात मोबाइलवर दिसते, मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे पाठवली जाते आणि तासाभरात चार-पाच जणी ‘मी आहे’ असे लिहून मोकळ्या होतात. अडचण त्यानंतर सुरू होते. जाहिरातीतला आकडा केबिनमधल्या एका खाटेचा असतो, सहलीचा नव्हे. शिवाय उशिरा आलेले विमान किंवा अडकलेला व्हिसा यांसाठी जहाज थांबत नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा प्रवाशालाच मोजावी लागते. पैसे भरण्याआधी ग्रुपने काय काय ठरवून घ्यायला हवे?

भूमध्य समुद्रच का?

कॅरिबियननंतर क्रूझसाठी जगात सर्वाधिक गजबजलेला भाग भूमध्य समुद्राचा आहे. कारण भूगोलात आहे. बंदरे एकमेकांपासून एका रात्रीच्या अंतरावर आहेत. जहाज संध्याकाळी बार्सिलोना सोडते आणि सकाळी मार्से दिसते. सामान केबिनमध्येच राहते, हॉटेल प्रवाशाबरोबर फिरते. ‘दहा दिवसांत सात देश’ छापाच्या बस सहलीत पहाटे पाचला बॅग भरून लॉबीत ठेवण्याचा जो जाच असतो, तो इथे नाही. गुडघेदुखीची तक्रार असलेल्या, साठी ओलांडलेल्या मैत्रिणींना ही सोय खरोखर मोठी वाटते, आणि तसे वाटण्यात चूकही नाही.

जगभरात २०२४ मध्ये तीन कोटींहून अधिक लोकांनी सागरी क्रूझ केली. जहाजेही त्या प्रमाणात अवाढव्य झाली आहेत. भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या ‘एमएससी वर्ल्ड युरोपा’वर साडेसहा हजारांहून अधिक प्रवासी मावतात. एवढ्या केबिन दर आठवड्याला भरायच्या असल्याने मूळ भाडे कमी ठेवायचे आणि उरलेली कमाई जहाजावरच्या खर्चातून काढायची, हे या धंद्याचे गणित आहे. ते समजले की जाहिरातीतला आकडा इतका कमी का, हे कोडे उरत नाही.

भाडे किती आणि सहल कितीला?

समजा, नाशिकच्या पाच निवृत्त मैत्रिणी आहेत. वय ६१ ते ६८. सात रात्रींच्या आतल्या, बिनखिडकीच्या केबिनचे भाडे माणशी ७०० युरो दिसते आहे. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरला, तर हे झाले ७० हजार रुपये. बंदर शुल्क आणि कर यात धरले आहेत का, हे आधी विचारायचे. अनेक जाहिरातींत ते वेगळे असतात आणि बारीक अक्षरांत तळाशी लिहिलेले असतात.

आता पुढचे आकडे. बहुतेक कंपन्या ‘सेवा शुल्क’ म्हणजे टिप दर दिवशी, दर माणशी आपोआप खात्यावर लावतात. कंपनीनुसार ही रक्कम साधारण दहा युरोंपासून वीस डॉलरपर्यंत असते. रोजचे बारा युरो धरले तरी सात दिवसांचे ८,४०० रुपये. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे नऊ हजार. व्हिसा केंद्राचे सेवा शुल्क त्यावर वेगळे. तीन बंदरांवर कंपनीची सहल घेतली आणि ती प्रत्येकी ८० युरोंना पडली, तर २४ हजार. विमान समजा ६५ हजार. निघण्याच्या आदल्या रात्रीचे हॉटेल आठ हजार. बेरीज एक लाख ८४ हजार ४०० रुपये. यात विमा नाही, व्हिसा केंद्राचे शुल्क नाही, कॉफी, वाइन नाही. युरोपीय बाजारासाठी चालणाऱ्या काही जहाजांवर जेवणाच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचेही पैसे पडतात, आणि भारतीय प्रवाशाला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

परदेशी सहलीचे पॅकेज भारतात घेतले, तर टूर कंपनी त्यावर टीसीएस, म्हणजे स्रोतावर गोळा केलेला कर घेते. त्याचे दर आणि मर्यादा गेल्या काही अर्थसंकल्पांत अनेकदा बदलल्या आहेत. त्यामुळे बुकिंगच्या दिवशी लागू असलेला दर लेखी मागून घ्यावा. हा पैसा बुडत नाही. प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो किंवा परतावा मिळतो. मात्र ज्यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे आणि ज्या विवरणपत्रच भरत नाहीत, त्यांनी ते भरले नाही तर ही रक्कम सरकारजमा राहते. निवृत्त मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये अशी एखादी तरी असतेच.

पाचवी मैत्रीण कोणत्या केबिनमध्ये?

क्रूझचे भाडे ‘दोघांनी मिळून एक केबिन’ या हिशेबाने छापतात. चार जणी असतील तर दोन केबिन, प्रश्न नाही. पाच असल्या की पाचवी एकटी पडते, आणि एकटीने केबिन घेतली तर दोघींचे भाडे भरावे लागू शकते. वरच्या उदाहरणात हे आणखी ७० हजार रुपये झाले. हे तिने एकटीने भरायचे, की पाच जणींत वाटून प्रत्येकी १४ हजार?

मैत्री दुखावण्याची पहिली जागा हीच आहे, आणि ती बुकिंगच्या दिवशीच येते. वाटून घेतले तर प्रत्येकीचा खर्च एक लाख ९८ हजारांवर जातो. विमा आणि व्हिसा केंद्राचे शुल्क धरले की दोन लाख ओलांडले. तिघींची एक केबिन घेण्याचा पर्याय असतो आणि तिसऱ्या खाटेचे भाडे बरेच कमी असते. पण ती खाट बऱ्याचदा भिंतीतून किंवा छतातून उघडणारी असते आणि वर चढायला शिडी असते. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या ६५ वर्षांच्या बाईला ती देणे म्हणजे वाचवलेले पैसे फिजिओथेरपीवर घालवणे. सहावी मैत्रीण शोधणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

आणखी एक खाचखळगा. सगळ्यात स्वस्त भाडे बहुधा ‘गॅरंटी’ केबिनचे असते. म्हणजे केबिनचा प्रकार पक्का, पण क्रमांक कंपनी नंतर ठरवणार. यात दोन मैत्रिणी पाचव्या मजल्यावर पुढच्या टोकाला आणि दोन अकराव्यावर मागच्या टोकाला, असे होऊ शकते. तीनशे मीटर लांबीच्या जहाजात हे अंतर किरकोळ नसते. शेजारच्या केबिन हव्या असतील तर क्रमांक निवडण्याचे जास्तीचे पैसे मोजणे बरे. समुद्र लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची केबिन कमी हलते.

व्हिसा कोणत्या देशाचा, किती प्रवेशांचा?

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझचा अनुभव असलेल्यांना इथे धक्का बसतो. जहाज सात दिवसांत चार देशांना लागते. अर्ज करायचा कुठे? शेंगेन नियमानुसार ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून पहिला प्रवेश, त्या देशाकडे. बार्सिलोनाहून निघून तिथेच परतणारी क्रूझ असेल आणि आधीनंतर तिथे हॉटेलचा मुक्काम असेल, तर साधारणपणे स्पेन. पण मार्गात इटलीची तीन बंदरे असतील तर मोजणी उलटू शकते. बंदरांची तारीखवार यादी समोर ठेवूनच हे ठरवावे.

खरी चूक होते ती प्रवेशांच्या संख्येत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्हनिकची अडचण नाही. पण माँटेनेग्रोचे कोटोर, अल्बानिया, ट्युनिशिया किंवा तुर्कीतले कुशादासी आणि इस्तंबूल ही बंदरे शेंगेनबाहेरची आहेत. जहाज तिथे लागले म्हणजे प्रवासी शेंगेनमधून बाहेर पडला, आणि पुन्हा ग्रीस किंवा इटलीत शिरताना दुसरा प्रवेश मोजला जातो. एका प्रवेशाचा व्हिसा असलेल्या प्रवाशाला पहिल्याच बंदरावर जहाजात चढू दिले जात नाही, आणि अपुऱ्या कागदपत्रांमुळे चढता आले नाही तर भाडे परत मिळत नाही. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना माँटेनेग्रोत प्रवेश मिळतो आणि तुर्कीचा ई-व्हिसा काढता येतो. तरीही अर्जात ‘एकाहून अधिक प्रवेश’ मागायचे आणि जहाजाचा मार्ग जोडायचा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर साधारणपणे ते पुन्हा द्यावे लागत नाहीत. पाचही जणींनी एकाच दिवशी, एकाच केंद्रावर अर्ज दिला तरी निर्णय प्रत्येकीचा वेगळा होतो. चौघींना मिळाला आणि एकीला नाकारला, असे घडते. तेव्हा दुसरीच्या केबिनचे काय? उरलेली एकटी त्याच केबिनमध्ये जाणार असेल तर कंपनी एकटीचे भाडे मागू शकते. रद्द करण्याचे शुल्क निघण्याची तारीख जवळ येईल तसे वाढत जाते आणि शेवटच्या काही आठवड्यांत ते शंभर टक्क्यांवर पोहोचते. व्हिसा नाकारल्यास किती रक्कम परत मिळेल, हा प्रश्न आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ईमेलवर विचारायचा असतो. फोनवर मिळालेले ‘बघू, करून देऊ’ हे उत्तर पुढे कामी येत नाही.

‘रोम’ म्हणजे नेमके कुठे?

कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ छापलेले असते, जहाज लागते चिविताव्हेकियाला. तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, आणि फ्लोरेन्स तिथून सुमारे नव्वद किलोमीटर. ‘व्हेनिस’ म्हणजे आता अनेकदा राव्हेना किंवा त्रिएस्ते. राव्हेनाहून व्हेनिस रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. जहाज सकाळी सातला लागून संध्याकाळी सातला सुटणार असेल, तर बारा तास रोम मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात उतरण्याची रांग, बंदराच्या फाटकापर्यंतची शटल बस, एक तासाची रेल्वे आणि परतीला सुरक्षित अंतर ठेवून काढलेला वेळ वजा केला, तर शहरात सहा-सात तास हाती राहतात. त्यात कलोसियमही पाहायचे आणि व्हॅटिकनही, हा हट्ट सोडलेला बरा. शिवाय व्हॅटिकन संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात आणि फ्लोरेन्सचे उफिझी सोमवारी. जहाज कोणत्या वारी कुठे लागते, हे बुकिंग करताना फार कमी लोक पाहतात.

याउलट काही बंदरे जहाजातून उतरताच गावात नेतात. नेपल्सचा धक्का शहराच्या मध्यभागी, किल्ल्यासमोरच आहे. कोटोरची जुनी तटबंदी गोदीपासून चालत काही मिनिटांवर. माल्टाच्या व्हॅलेटात बंदराजवळून वरच्या बागेपर्यंत लिफ्ट आहे. सिसिलीतले पालेर्मोही पायी फिरता येते. जास्त चालण्याची ताकद नसलेल्या ग्रुपसाठी जहाजावर किती जलतरण तलाव आहेत यापेक्षा अशी बंदरे किती आहेत, हे पाहून क्रूझ निवडणे शहाणपणाचे.

सँटोरिनीची गोष्ट वेगळी. तिथे मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी प्रवाशांना कड्याच्या पायथ्याशी सोडतात. वर फिराला जायला केबल कार, नाहीतर जवळपास ५८८ पायऱ्या किंवा गाढव. एकाच वेळी तीन-चार जहाजे आली की केबल कारची रांग तासाच्या पुढे जाते, आणि उतरतानाही तेच. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ नावाचा जोरदार उत्तरेचा वारा वाहतो. तो वाढला तर छोट्या बोटी चालवता येत नाहीत आणि कप्तान बंदरच वगळतो. ज्या निळ्या घुमटांसाठी सहल घेतली, ते जहाजाच्या कठड्यावरूनच पाहून पुढे जावे लागते. हा अधिकार तिकिटाच्या अटींत कप्तानाला दिलेला असतो. परत मिळते ते बहुधा त्या बंदराचे शुल्क तेवढे.

उन्हाचाही विचार हवा. जुलै २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अथेन्सचे ॲक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावे लागले, आणि तशी वेळ त्यानंतरही आली. क्रूझवाल्यांचा तिथला वेळ नेमका दुपारचाच असतो. मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ भाड्यालाही बरा आणि डोक्यालाही.

जहाज सुटले तर?

प्रत्येक बंदरावर ‘सर्वांनी परत येण्याची’ एक वेळ जाहीर होते. ती जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. ग्रीस आणि इटलीच्या घड्याळात एका तासाचा फरक आहे. फोन आपोआप बदलतो, जहाज बदलेलच असे नाही. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः रेल्वेने गेलेल्या प्रवाशांसाठी तसे नाही. पुढच्या बंदरापर्यंतचे विमान, टॅक्सी, हॉटेल सगळे स्वतःच्या खिशातून.

म्हणून मध्यम मार्ग असा : रोम, फ्लोरेन्ससारख्या दूरच्या शहरांसाठी कंपनीची सहल, आणि नेपल्स, पालेर्मोसारख्या जवळच्या ठिकाणी आपले आपण. ग्रुपमध्ये एकीला खरेदी आवडते, दुसरीला चर्च पाहायची असतात, तिसरी थकलेली असते. सगळ्यांनी सतत एकत्र फिरायचे की नाही, हे आधी बोलून ठेवले तर चौघी गोदीवर आणि पाचवी अजून चामड्याच्या पर्सच्या दुकानात, हा प्रसंग टळतो. पासपोर्टचा फोटो फोनमध्ये, जहाजाच्या त्या बंदरातल्या एजंटचा क्रमांक कागदावर आणि थोडे युरो जवळ असावेत. जहाजाच्या दैनिक पत्रिकेत तो क्रमांक छापलेला असतो.

पहिल्या दिवसाला हेच तर्कशास्त्र लागू होते. मुंबईहून बहुतेक वेळा आखातात किंवा इस्तंबूलला विमान बदलून जावे लागते. एक विमान चुकले की जहाज चुकले. एक रात्र आधी पोहोचण्याचे आठ हजार रुपये वाचवण्यासारखे नाहीत.

आजारी पडल्यास काय?

जहाजावर डॉक्टर आणि लहान दवाखाना असतो. तो मोफत नसतो. भारतातली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी तिथे सहसा चालत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंच्या संरक्षणाचा प्रवास विमा सक्तीचा आहे, पण सक्तीपुरता काढलेला विमा आणि उपयोगी पडणारा विमा यात फरक असतो. जहाजावरचे उपचार, समुद्रातून हलवण्याचा खर्च, सहल मध्येच सोडावी लागणे आणि मुख्य म्हणजे आधीपासूनचे आजार यात येतात का, हे पाहायला हवे. मधुमेह, रक्तदाब लपवून काढलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी नाकारली जाते. गंभीर रुग्णाला जवळच्या बंदरावर उतरवले जाते. तेव्हा तिच्याबरोबर कोण उतरणार? ऐन वेळी एकमेकींच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षा हा प्रश्न नाशिकमध्ये चहा पिताना विचारलेला बरा. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण चढताना मोठ्या बॅगा वेगळ्या जातात आणि केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येतात.

खाण्याची भीती अनेकींना असते. शाकाहारी जेवण आता बहुतेक जहाजांवर मिळते. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे लागते. पेढे, बर्फी, तुपातले लाडू यांचा मोह आवरावा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यावर निर्बंध आहेत. विजेची किटली बहुतेक जहाजे चढतानाच काढून घेतात, कारण जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी. त्यामुळे ‘केबिनमध्येच चहा करू’ हा बेत तिथेच संपतो.

आणि फोन. युरोपचे सिम किंवा रोमिंग पॅक भर समुद्रात चालत नाही. किनारा मागे पडला की फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊ शकतो आणि त्याचे दर वेगळे, भारी असतात. जहाज सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर घरी ‘पोहोचले’चा व्हिडिओ पाठवणे महागात पडते.

शहरे जहाजांवर का चिडली आहेत?

जून २०१९ मध्ये व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात एक मोठे क्रूझ जहाज धक्क्यावर आणि एका पर्यटक नौकेवर आदळले. वर्षानुवर्षे सुरू असलेल्या विरोधाला त्यातून धार आली, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठ्या किंवा १८० मीटरहून लांब जहाजांना त्या कालव्यात बंदी आली. सेंट मार्क चौकासमोरून सरकणारे पांढरे जहाज हे दृश्य इतिहासजमा झाले. जुन्या जाहिरातींत ते अजून दिसते, त्यावर जाऊ नये.

सँटोरिनीची वस्ती सुमारे १५ हजार. जुलै २०२४ मध्ये एकाच दिवशी तिथे सुमारे ११ हजार क्रूझ प्रवासी उतरले. २०२५ पासून तिथे दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर उतराई शुल्कही लावले : जून ते सप्टेंबरच्या हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला २० युरो, इतर बंदरांवर पाच. बार्सिलोनात २०२४ मध्ये ३५ लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी आले. तिथे जुलै २०२५ मध्ये पालिका आणि बंदर प्रशासनाने टर्मिनलांची संख्या २०३० पर्यंत सातवरून पाचवर आणण्याचा करार केला. दुब्रोव्हनिकने त्याआधीच एका वेळी दोनच जहाजांचे बंधन घातले होते.

स्थानिकांची तक्रार समजण्याजोगी आहे. क्रूझचा प्रवासी सकाळी येतो, गर्दी करतो, जेवायला जहाजावर परत जातो. हॉटेल नाही, रेस्तराँ नाही. पैसा शहरापेक्षा जहाजाकडे जास्त जातो. धुराचा प्रश्न आहेच. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनात गंधकाचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. आधी ही मर्यादा ०.५ टक्के होती. या सगळ्याचा प्रवाशाच्या दृष्टीने अर्थ दुहेरी आहे. शुल्क वाढत जाणार, आणि बुकिंगनंतरही बंदर बदलले जाऊ शकते.

ती कंटाळवाणी कवायत का महत्त्वाची?

पहिल्या दिवशी भोंगा वाजतो आणि प्रत्येकाला आपल्या जमण्याच्या ठिकाणी जावे लागते. लाइफ जॅकेट कसे घालायचे ते दाखवतात. बहुतेकांचे लक्ष तेव्हा बुफेकडे असते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज चिविताव्हेकियाहून निघून काही तासांत इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले. चार हजारांहून अधिक लोक जहाजावर होते, ३२ जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून झालेलीच नव्हती, कारण ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि जानेवारी २०१५ पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

त्या ३२ जणांत मुंबईचा एक वेटर होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले. मुंबई-गोव्याची कितीतरी मुले आजही या जहाजांवर स्वयंपाकघरात, केबिनच्या साफसफाईत, जेवणघरात कामाला आहेत. सलग कित्येक महिन्यांचा करार, रोजचे दहा तास आणि त्याहून जास्त काम. खात्यावर आपोआप लागलेली टिप कमी करून घ्यायला स्वागतकक्षाकडे धावण्याआधी मैत्रिणींनी ही गोष्ट आठवावी. वाचलेले पैसे जहाज कंपनीच्या नव्हे, बहुधा याच मुलांच्या कमाईतून गेलेले असतात.

दाद कुठे मागायची?

जहाज माल्टा, पनामा किंवा बहामाच्या झेंड्याखाली असू शकते आणि तिकिटाच्या अटींत वाद कोणत्या देशाच्या न्यायालयात जाईल तेही लिहिलेले असते. परदेशी संकेतस्थळावर थेट बुकिंग केले तर दोन-चार हजार वाचतील, पण भांडायला जिनिव्हा किंवा मायामी गाठण्याची तयारी हवी. भारतातल्या टूर कंपनीकडून पॅकेज घेतले असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पुरतो. पाच जणींचे बुकिंग एकीच्या नावावर करण्यापेक्षा प्रत्येकीची स्वतंत्र पावती घ्यावी. व्हिसा, टीसीएस, विमा आणि तक्रार, चारही ठिकाणी ती लागते.

जहाजावर रोख चालत नाही. सगळा खर्च केबिनच्या खात्यावर चढतो आणि शेवटी नोंदवलेल्या कार्डातून वळता होतो. एका केबिनमधल्या दोघींचे खाते एकाच कार्डाला जोडलेले असेल तर कोणाची कॉफी आणि कोणाचा मसाज, हा हिशेब सातव्या रात्री लागत नाही. चढतानाच दोन वेगळी कार्डे जोडून देता येतात. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर काही रक्कम अडवून ठेवली जाते आणि ती सुटायला काही दिवस लागू शकतात, हेही लक्षात ठेवायचे. जहाजाच्या ॲपवर रोजचा खर्च दिसतो; चूक असेल तर त्याच संध्याकाळी दुरुस्त करून घ्यावी. स्वागतकक्षासमोरची सर्वांत लांब रांग शेवटच्या सकाळी लागते. तोवर मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवून झालेल्या असतात, नऊच्या सुमारास जहाज रिकामे करायचे असते, आणि त्या दिवशी संध्याकाळी नवे साडेसहा हजार चढणार असतात. परतीचे विमान म्हणूनच दुपारनंतरचे घ्यावे.